गोमुख : पंचवीस वर्षांनी तीच जागा शोधताना

देवराई

मागच्या महिन्यात हिमाचलच्या धाग्यावर तिघाचौघांनी विचारलं होतं, की आपल्याकडे हिमनदी खरोखर जवळून बघायची तर कुठे जावं? मी तिथे 'गोमुख' असं एका शब्दात उत्तर दिलं आणि मग ते अपुरं वाटत राहिलं. म्हणून हा वेगळा धागा.

गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं खालचं टोक, जिथून भागीरथी बाहेर पडते. मी तिथे दोनदा गेलेय. पहिल्यांदा १९९८ च्या ऑक्टोबरात, बाबांबरोबर. मी एकोणीस वर्षांची होते. उत्तराखंड राज्य व्हायचं होतं, उत्तरकाशी तेव्हा उत्तर प्रदेशात होतं. दुसऱ्यांदा २०२३ च्या ऑक्टोबरात. या वेळी नवरा आणि अकरावीतली लेक बरोबर होते. लेकीने आजोबांकडून एक जुना फोटो मागून घेतला होता. त्यात बाबा बर्फाच्या भिंतीला तळहात टेकवून उभे आहेत, डोक्यावर माकडटोपी, मागे भागीरथी शिखरांचा कडा. "आजोबा जिथे उभे होते तिथेच मला उभं राहायचंय," एवढंच तिचं म्हणणं होतं.

ऋषिकेशहून उत्तरकाशी आणि तिथून गंगोत्री असा साधारण पावणेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे. एका दिवसात हाणायचा नाही. आम्ही उत्तरकाशीला एक आणि हर्षिलला एक मुक्काम केला. हर्षिलच्या पुढे धरालीला सफरचंदांच्या बागांशेजारी एका टपरीवर चहा घेतला होता. बाई चुलीजवळ बसून सफरचंदं पुसत होत्या, लेकीच्या हातात त्यांनी दोन ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. ५ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या खीरगंगा ओढ्याचा लोंढा आला आणि धराली गावाचा मोठा भाग काही क्षणांत गाळाखाली गेला. कल्पकेदाराचं जुनं मंदिरही त्यात गाडलं गेलं. आपल्याकडचेही अनेक यात्रेकरू त्या वेळी वर अडकले होते. बातम्यांमध्ये तो चिखल बघताना मला त्या बाईंचे हात आठवत होते. पुढे हा रस्ता धरणाऱ्या प्रत्येकाने धरालीत दोन मिनिटं थांबावं असं मला वाटतं.

गंगोत्री साधारण ३१०० मीटरवर आहे. तिथून गोमुख १८ किलोमीटर. वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, त्यामुळे वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० च माणसांना तो मिळतो. कनखूच्या चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. मला ते फार आवडलं. १९९८ मध्ये असलं काही नव्हतं आणि वाटेवर बिस्किटांचे पुडे पडलेले असायचे.

नऊ किलोमीटरवर चीडबासा, त्यापुढे पाच किलोमीटरवर भोजबासा. मधे 'गीला पहाड' नावाचा पट्टा आहे. तिथे डोंगर सतत ढिला असतो, वरून दगड सुटतात. आमच्याबरोबर एक नेपाळी पोर्टरभाऊ होते. त्यांनी तिथे आम्हाला बोलू दिलं नाही, फोटो काढू दिले नाहीत, आधी वर कान आणि मग पुढे पाय. वारा दुपारनंतर वाढतो तेव्हा हा पट्टा जास्त त्रास देतो, म्हणून गंगोत्रीहून पहाटेच निघायचं. नाल्यांचंही तेच. दिवसभर बर्फ वितळतो आणि पाणी संध्याकाळी चढतं. सकाळी गुडघ्याखाली असलेला नाला चार वाजता मांडीला लागतो.

भोजबासा म्हणजे भूर्जवृक्षांची वस्ती. नाव तेच सांगतं, पण झाडं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत. वर्षानुवर्षं ढाबे, आश्रम, यात्रेकरू यांच्या चुलींत ती जळली. डॉ. हर्षवंती बिष्ट या गिर्यारोहक बाईंनी नव्वदच्या दशकात तिथे भूर्जाची लागवड सुरू केली. कुंपणातली ती झाडं आता माणसापेक्षा उंच झालीत. एका खोडाची साल वाऱ्याने सुटून फडफडत होती. पातळ, गुलाबीसर, आतून लोण्यासारखी मऊ. लेकीने ती नुसती बोटांनी धरून पाहिली, ओढली नाही. याच सालीवर आपले पूर्वज लिहायचे, हे तिला शाळेत शिकवलेलं होतं, पण हातात आल्यावर ती एकदम गप्प झाली.

आता मुख्य गोष्ट. भोजबाशाहून गोमुख चार किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांची इथे निराशा होते आणि ती होऊ नये म्हणूनच मी हे सगळं लिहितेय. डोक्यात पांढरीशुभ्र नदी असते. समोर दिसतो तो करड्या धोंड्यांचा, मातीचा, कुठे काळपट कुठे तांबूस असा मैलोन्‌मैल पसरलेला ढिगारा. लोक विचारतात, "हिमनदी कुठाय?" अहो, तीच ती. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, चौखंबा शिखराच्या पायथ्यापासून खाली आलेली, आणि खालच्या भागात ती दगडमातीची गोधडी पांघरून झोपलेली असते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून पडलेले दगड अंगावर घेत घेत ती येते. बर्फ दिसतो तो फक्त मुखाशी, जिथे भिंत तुटलेली असते. तिथेही तो पांढरा नसतो, गढूळ निळा असतो, मधे मातीचे थर, एखाद्या जुन्या वहीच्या कडेसारखे.

पोर्टरभाऊंनी मला ओळखायची खूण शिकवली. वाटेच्या कडेला एका उतारावर त्यांनी काठीने दोन दगड बाजूला सारले. खाली ओलं, काळं, काचेसारखं काहीतरी चमकलं. बोट लावलं तर गार. कान जवळ नेला तर आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं, टप… टप… मधेच बारीकसा किणकिण आवाज. तो उतार म्हणजे मुख्य हिमनदीपासून सुटून दगडांखाली राहून गेलेला बर्फ होता. दगडांचा थर जाड असेल तर तो उन्हापासून बर्फाला जपतो. नुसती धूळ बसली तर उलट, काळा रंग ऊन पितो आणि बर्फ लवकर जातो.

मग आम्ही फोटोतली जागा शोधायला लागलो. धोंडे बघून काही कळेना, ते तर दरवर्षी हलतात. शेवटी नवऱ्याने युक्ती काढली. फोटोत भागीरथीचा कडा आणि डावीकडच्या डोंगराची सोंड जिथे एकमेकांना छेदतात, तो कोन जुळवायचा. फोटो डोळ्यांसमोर धरून मागे-पुढे, मागे-पुढे असं अर्धा-पाऊण तास चाललं. कोन जुळला तेव्हा आम्ही उघड्या धोंड्यांवर उभे होतो. शेजारून भागीरथी वाहत होती, राखाडी, फेसाळ. बर्फाची भिंत तिथून दूर वर होती, आणि वनखात्याच्या माणसांनी आम्हाला तिच्या बऱ्याच अलीकडे थांबवलं. वरून तुकडे पडत होते, त्यामुळे थांबवलं ते योग्यच होतं.

हिमनदीचं मुख वर्षाला सरासरी वीसेक मीटर मागे जातंय असं भूवैज्ञानिकांची मोजमापं सांगतात. ही मोजमापं १९३५ पासून होत आली आहेत. पंचवीस वर्षांत म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. हे आकडे मी कित्येक वेळा वाचले होते. पण माझ्या बाबांनी जिथे तळहात टेकला होता तिथे हवा होती, तिथे हात लावायला काही नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लेक त्याच जागी उभी राहिली. हात तसाच वर करून, तळवा उघडा. तो फोटो घरी बाबांच्या खोलीत जुन्या फोटोशेजारी आहे.

कुणाला जायचं असेल तर विचारा, जमेल तसं सांगेन.

रानफूल

देवराई, डोळ्यांत पाणी आलं हो. मी २०१९ ला गोमुखाला जाऊन आलेय आणि खरं सांगते, मलाही तेव्हा 'हे काय, नुसते दगड' असंच वाटलं होतं. कुणी काठीने दगड सारून दाखवलं असतं तर! पाणी गढूळ का असतं, हे मला तेव्हाही पडलेलं कोडं आहे. इतक्या वर गंगा निर्मळ असायला हवी ना?

भूगोलाचे_सर

रानफूलताई, ते गढूळपण म्हणजे दगडाचं पीठ. बर्फ प्रचंड वजनाने सरकतो, त्याच्या तळात अडकलेले दगड खालचा खडक जात्यासारखे दळतात. ते पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात तरंगत राहतं, लवकर तळाशी बसत नाही. म्हणून हिमनद्यांतून निघालेल्या नद्या उन्हाळ्यात दुधाळ किंवा राखाडी दिसतात. गोमुखाचं पाणी गढूळ दिसतं ते हिमनदी जिवंत आहे, सरकते आहे म्हणून. थंडीत वितळणं थांबलं की तेच पाणी नितळ होतं.

मी २२ वर्षं नववीला भूगोल शिकवतोय. हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, लोंबती दरी, पार्श्व हिमोढ, अंत्य हिमोढ, हिमनदीने घडवलेल्या आकारांचे हे सगळे शब्द फळ्यावर आकृत्या काढून शिकवले. २०२२ च्या जूनमध्ये भोजबाशाच्या वरच्या अंगाला उभा राहिलो आणि समोर पार्श्व हिमोढ. हिमनदीच्या कडेने रेल्वेच्या भरावासारखी सलग, तीक्ष्ण धारेची मातीची भिंत, आणि हिमनदी तिच्या कितीतरी खाली. तेव्हा उमगलं की ही भिंत म्हणजे जुनी पातळी आहे. कधीकाळी बर्फ त्या धारेपर्यंत भरलेला होता. म्हणजे हिमनदी फक्त मुखाकडून मागे गेलेली नाही, ती खालीही बसली आहे, अंगाने रोड झाली आहे. मुख किती मागे गेलं हे सगळे विचारतात, जाडी किती घटली हे कुणी विचारत नाही. प्रवासात ही भिंत जरूर बघा.

आणखी एक. आपल्या सह्याद्रीत हिमनदी कधी नव्हती, आपल्या दऱ्या पाण्याने कापल्या, म्हणून त्या अरुंद तळाच्या. गंगोत्रीहून वर जाताना दरीचा तळ जिथे परातीसारखा रुंद होतो आणि कडे सरळ उभे राहतात, तिथे समजायचं की इथून एके काळी बर्फ गेला होता. वर्गात आता मी आधी फोटो दाखवतो, मग व्याख्या.

सांगलीची_डॉक्टर

लेख सुंदर. पण जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी ठळकपणे सांगते, कारण दरवर्षी माझ्याकडे गंगोत्रीहून परत आलेले आणि वर हाल झालेले लोक येतात.

२५०० मीटरच्या वर कुणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. वय, व्यायाम, 'मी रोज पाच किलोमीटर चालतो' याचा त्याच्याशी संबंध नाही. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये असा नियम आहे. गंगोत्री ३१००, भोजबासा ३८०० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात सातशे मीटर. म्हणून गंगोत्रीला दोन रात्री काढायच्याच. मधल्या दिवशी पांडवगुंफेपर्यंत किंवा थोडं वर चालून यायचं आणि झोपायला खाली.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. अशा वेळी वर चढायचं नाही, तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, माणूस अडखळत चालायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला तर रात्र असो की पाऊस, खाली न्यायचं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही.

पाऊलवाट७४

डॉक्टरताईंच्या प्रत्येक शब्दाला +१. आमच्यावर हे बेतलंय. एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. त्यांनी ऋषिकेशहून निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी भोजबासा गाठायचं ठरवलं होतं, 'सगळे जातात, काही होत नाही' म्हणत. आमच्या गटात एक बासष्ट वर्षांचे काका होते. चीडबाशालाच त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. संयोजकांनी त्यांना लिंबूपाणी दिलं आणि चालवलं. रात्री भोजबाशाला काकांना बसूनही श्वास घेता येईना. मी आणि आणखी दोघांनी पोर्टरांच्या मदतीने रात्री अकरा वाजता त्यांना खाली उतरवायला सुरुवात केली. गीला पहाड अंधारात ओलांडला, तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. चीडबाशाला पोचेपर्यंत त्यांचा श्वास बराच सुधारला, तोंडाला रंग आला. काका आज ठणठणीत आहेत. परत आल्यावर आम्ही कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

बुकिंग करण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत गंगोत्रीला किती रात्री आहेत ते बघा. एकच रात्र असेल तर पैसे देऊ नका.

निसर्गवेडा_नाशिक

सर्वांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. हिमनद्या वितळतायत हे आपल्याला माहीत आहे. मग त्यांना बघायला गाड्या उडवत, विमानं पकडत जायचं कशाला? आपण गेलो की हॉटेलं वाढतात, रस्ते रुंद होतात, डिझेलचा काळा धूर त्याच बर्फावर बसतो. धरालीत नदीकाठी एवढी बांधकामं नसती तर एवढी हानी झाली असती का? मी हिमालयात जाणं बंद केलंय. हे कुणाला दुखवायला लिहीत नाही, मनापासून वाटतं ते लिहितोय.

देवराई

निसर्गवेडा, तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरी मी गेले, पुन्हाही जाईन. का ते सांगायचा प्रयत्न करते.

माझी लेक त्या रिकाम्या जागी हात वर करून उभी राहिली, त्यानंतर तिने घरातले दोन निर्णय बदलायला लावले. ते इथे लिहीत नाही, पण ते आकडे वाचून झाले नव्हते. दिवसाला १५० माणसांची मर्यादा मला योग्य वाटते. ती ५० केली तरी मी रांगेत उभी राहीन, पाच वर्षं नंबर लागला नाही तरी चालेल. खच्चरं कमी, चुली बंद, प्लास्टिक मोजून परत, हे सगळं हवंच. नदीकाठच्या बांधकामांबद्दल तुम्ही म्हणता ते तर शंभर टक्के खरं. नाल्याच्या तोंडाशी घर बांधायचं नाही हे तिथली जुनी माणसं जाणून होती.

पण कुणीच गेलं नाही तर तो डोंगर फक्त धरणं आणि रस्ते बांधणाऱ्यांचा उरेल. जाणारा कसा जातो, यावर मी भांडेन. जाऊच नये, इथपर्यंत माझं मन येत नाही.

आल्प्सच्या_अंगणात

मी गेली चौदा वर्षं झुरिकला राहते. आपल्याकडून येणारे सगळे गट युंगफ्राउयोखला जातात. ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, बर्फाची गुहा, फोटो आणि खाली. दोन-तीन तासांत उरकतं. तिथल्या गच्चीतून जी लांब पांढरी वाट दिसते ती आलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी, वीसेक किलोमीटरची. लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिच्या काठावर कोंकोर्डिया नावाची गिर्यारोहकांची झोपडी आहे. एकोणिसाव्या शतकात बांधली तेव्हा बर्फ तिच्या जरा खाली होता. आता बर्फावरून झोपडीपर्यंत यायला शेकडो लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात. दर काही वर्षांनी खाली नवा जिना जोडतात. सरांनी जाडीबद्दल लिहिलंय ना, ते इथे पायऱ्यांमध्ये मोजता येतं.

देवराई, तुमचं गोमुख वाचताना मला ऱ्होन हिमनदी आठवली. तीही एका मोठ्या नदीचं उगमस्थान. फुर्का घाटातून रस्ता अगदी जवळून जातो. तिथे दरवर्षी बर्फात गुहा खोदतात आणि ती टिकावी म्हणून उन्हाळ्यात त्या भागावर पांढरी जाड कापडं अंथरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजारी माणसाच्या अंगावर घातलेल्या चादरीची आठवण झाली. कापडाखाली बर्फ उंच राहतो, शेजारचा खचतो, फरक डोळ्यांनी दिसतो. पण अख्ख्या हिमनदीवर कोण चादर घालणार? २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला मिळून दहा टक्के बर्फ गेला. आणि २८ मे २०२५ ला ब्लाटेन गाव. वरची बर्च हिमनदी कोसळली आणि गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. डोंगर हलतोय हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखलं होतं, म्हणून गावकऱ्यांना, गाईगुरांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं. धरालीला तो इशारा मिळाला असता तर, हे मनात येत राहतं.

रानफूल

बर्च म्हणजे भूर्जच ना? नावं सुद्धा सारखी.

आल्प्सच्या_अंगणात

हो, इंग्रजीत भूर्जाला बर्च म्हणतात. पण त्या हिमनदीचं नाव जर्मन आहे, त्याचा झाडाशी संबंध आहे का ते मी विचारून सांगते.

मांडवीकाठ

गोव्याचा एक धागा जोडतो. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आपल्या अंटार्क्टिक मोहिमा तिथूनच आखल्या जातात. समुद्राकाठच्या याच संस्थेने २०१६ मध्ये लाहौल-स्पितीत चार हजार मीटरच्या वर 'हिमांश' नावाचं संशोधन स्थानक उभारलं. तिथून चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्या मोजतात. बर्फात बांबू किंवा नळ्या खोलवर रोवून ठेवतात आणि पुढच्या हंगामात किती उघड्या पडल्या ते टेपने मोजतात. उपग्रह आहेत, रडार आहे, पण शेवटी कुणीतरी वर जाऊन काठी मोजावीच लागते. माझा मावसभाऊ या कामावर एक उन्हाळा गेला होता. परत आला तेव्हा नाक आणि ओठ सोलून निघाले होते आणि तो फक्त त्या काठ्यांबद्दल बोलत होता.

उत्तरवारा

गेल्या वर्षी आइसलँडला जाऊन आलो. सोल्हेमायोकुल नावाच्या हिमनदीवर बुटांना काटे लावून वाटाड्याबरोबर चाललो. तिथे ज्वालामुखीच्या काळ्या राखेचे शंकू बर्फावर उभे असतात. पण सगळ्यात मनात राहिली ती एक साधी गोष्ट. जवळच्या शाळेची मुलं २०१० पासून दर शरद ऋतूत येऊन हिमनदी किती मागे गेली ते स्वतः मोजतात आणि फलकावर लिहितात. जिथून त्यांनी मोजायला सुरुवात केली तिथे आता समोर तळं आहे, पलीकडे जायला होडी लागते. भूगोलाच्या सरांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिथे 'ओक' नावाचीही हिमनदी होती. २०१४ मध्ये ती सरकण्याइतकी जाड उरली नाही म्हणून हिमनद्यांच्या यादीतून काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि तिथे तिच्या आठवणीची पाटी बसवली.

जाणाऱ्यांना एक सूचना. बर्फाच्या गुहा फक्त थंडीत बघाव्यात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला. उन्हाळ्यात कुणी स्वस्तात गुहा दाखवतो म्हणालं तर जाऊ नका.

भूगोलाचे_सर

उत्तरवारा, फार मोलाचं दिलंत. आमच्या शाळेजवळ हिमनदी नाही, पण ओढा आहे. पावसाळा संपला की मुलांना घेऊन त्याची पातळी दरवर्षी एकाच खडकावर नोंदवायची, असं या क्षणी ठरवलं.

गडकोट_प्रेमी

चालणं जमत नसेल अशांसाठी पर्याय आहे का? माझे गुडघे गेलेत, पण हिमनदी बघायची फार इच्छा आहे.

देवराई

दादा, झांस्करमध्ये पेन्सी ला खिंडीतून द्रांग-द्रुंग हिमनदी थेट गाडीच्या रस्त्यावरून दिसते. कारगिलहून सुरू घाटी धरून पदुमकडे जाताना. वळण घेत खाली उतरणारी, आणि गंगोत्रीपेक्षा बरीच पांढरी. वाटेत पारकाचिकची हिमनदीही रस्त्याजवळ दिसते. फक्त खिंड ४४०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे डॉक्टरताईंचे नियम तिथेही लागू. कारगिलला दोन रात्री थांबून मगच वर जा, आणि खिंडीत फार वेळ काढू नका.

पाऊलवाट७४

मे-जून की सप्टेंबर-ऑक्टोबर, गोमुखाला कधी बरं?

देवराई

मी दोन्ही वेळा ऑक्टोबरात गेले, तेच सांगेन. गर्दी ओसरलेली असते, आभाळ स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी. थंडी मात्र कडक, भोजबाशाला रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळीत अन्नकुटाच्या दिवशी बंद होतं, मग गंगेची मूर्ती पालखीतून मुखबा गावी, माहेरी जाते. त्याच्या दहा-बारा दिवस आधी परतायचा बेत ठेवा. जुलै-ऑगस्ट नकोच. २०१६ च्या जुलैत पावसानंतर मुखाचाच मोठा तुकडा कोसळला होता, आणि वाट तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे जाते.

जाईजुई

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमचं या ऑक्टोबरात ठरतंय. एकच अडचण आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना गंगोत्री करायचीच आहे, पण गोमुखापर्यंत चालणं जमणार नाही. आम्ही वर गेलो तर त्या दोन दिवस गंगोत्रीला एकट्या काय करतील? त्यांना बर्फ दिसेल का काही?

देवराई

जाईजुई, नक्की न्या त्यांना. दोन दिवस एकट्या नको, तुमच्यापैकी एकजण त्यांच्याजवळ थांबा आणि पुढच्या वेळी तो वर जाईल असं ठरवा. गंगोत्रीतून सुदर्शन शिखर दिसतं, साडेसहा हजार मीटरचं, पूर्ण बर्फाचं. सहा वाजता खोलीबाहेर खुर्ची टाका, अंगावर दोन शाली द्या. गावात अजून अंधार असतो आणि वर टोकाला आधी गुलाबी, मग केशरी ऊन लागतं. साडेसातला सूर्यकुंडाशी घेऊन जा. तिथे भागीरथी खडकात उडी घेते आणि त्या पाण्यात दगडाचं पीठ असतं, सरांनी सांगितलं तेच. ओंजळीत घेऊन थोडा वेळ धरायला सांगा, पाणी गळून गेलं की तळव्यावर बारीक चमचमणारी पूड उरते. माझ्या आईने ती पूड पुसली नव्हती, तशीच कपाळाला लावली होती.